विजूताई, तुझा बँड बारातीत वाजतो

विजूताई, तुला पोहोचवून आलो त्याच संध्याकाळी आम्ही बारातीत वाजवलं. आधी हेच सांगून टाकते. काय राग यायचा तो आत्ताच येऊ दे, म्हणजे पुढचं नीट ऐकशील. नाहीतरी माझं बोलणं तू कधी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाहीस. मध्येच तोडायचीस, "निलू, मुद्द्यावर ये." आता तोडू शकत नाहीस. एवढाच काय तो फायदा, आणि तो मला नकोय.

सकाळी सगळ्या मुली युनिफॉर्ममध्ये आल्या होत्या. टोप्या काढून हातात घेतलेल्या. वाद्यं टेम्पोत होती. तुझ्या भावाने, सुरेशदादाने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "निलू, बँड नको गं. ती सांगून गेलीय." मी म्हटलं, "मला माहीतच होतं." खोटं बोलले. मला कुठे माहीत होतं? मला वाटलं होतं मेल्यावर तरी हट्ट सोडशील. पण नाही. शववाहिनीच्या मागे मुली नुसत्या चालल्या आणि टेम्पो रिकाम्या हाताने आल्यासारखा मागून आला. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "मैडमजी, उतारना नहीं है क्या?" दुसऱ्यांदा मी त्याच्यावर खेकसले. बिचारा.

"ज्या दिवशी माझ्या मुली बारातीत वाजवतील, त्या दिवसापासून मी ह्या ग्राउंडवर पाय ठेवणार नाही." हे तुझे शब्द. सगळ्यांसमोर बोललीस आणि खरे केलेस. बँड बुडत होता, तो वर आला. कर्ज फिटलं, वाद्यांच्या शेडचं कुलूप उघडलं, स्पर्धेत पुन्हा उतरलो. तू आली नाहीस. मला ह्या सगळ्या वर्षांत दुसरं काही नको होतं गं. एकदा येऊन कडेला उभी राहिली असतीस, चुका काढल्या असत्यास, चार शिव्या घातल्या असत्यास. बस. एवढ्यासाठी मी थांबले होते.

शाळेत तू आमची पीटीची बाई. वर्गात "अहो बाई", पण ग्राउंडवर तूच सांगितलंस, इथे ताई म्हणा, इथे मी ओरडणार आहे, आणि ताईचं ओरडणं मुली विसरतात. तोवर शाळेचा बँड म्हणजे पंधरा ऑगस्टला एक ड्रम आणि दोन झांजा. तू महूला जाऊन आर्मीच्या बँडमधून रिटायर झालेले एक सुभेदार साहेब शोधून काढलेस. ते येताना बसमध्ये मांडीवर बॅगपाईप घेऊन यायचे, पोर झोपवल्यासारखा. ते पाईप शिकवायचे आणि तू चालणं.

आणि काय तुझं ते शिकवणं! कित्येक महिने वाद्याला हात लावू दिला नाहीस. आपापला भाग तोंडाने म्हणत चालायचं. ड्रमवाल्यांनी "ढढम ढढम", झांजवाल्यांनी "छन्", पाईपवाल्यांनी गाल फुगवून "पीं". भिंतीवर बसलेली पोरं हसून हसून खाली पडायची. आम्ही तिकडे बघितलं की तुझी शिट्टी. "बँड समोर बघतो. बँड कधी मागे वळून बघत नाही. जो बघतो तो बँड नाही, जत्रा आहे." हे तू इतक्या वेळा ऐकवलंस की माझ्या लग्नात सप्तपदी घेतानासुद्धा मी नाकासमोर बघत होते. आई शेवटी म्हणाली, "अगं, नवऱ्याकडे बघ की जरा."

पहिल्यांदा राज्याच्या स्पर्धेत जिंकलो, तेव्हा तू आम्हाला शाबासकी नाही दिलीस. परत येताना बसमध्ये डावीकडे वळताना कोण कुठे चुकलं ते सांगत बसलीस. मी मनात म्हटलं, काय बाई आहे! आता मीही तेच करते. मुली माझ्याबद्दल काय म्हणत असतील ते मला बरोबर माहीत आहे.

मग शाळेची कमिटी बदलली. नवीन लोकांनी सांगितलं, बँडने रिझल्ट वाढत नाही. तू रिटायर झालीस आणि बँड बाहेर घेऊन आलीस. स्वतःची संस्था काढलीस, ग्राउंड भाड्याने, वाद्यांसाठी शेड भाड्याने. मला फोन केलास, "निलू, पुढे काठी घेऊन तू चालायचं." मी तेव्हा बँकेत होते, घरात सासूबाई आजारी. हो म्हटलं. तुला नाही म्हणायची हिंमत तेव्हा कुणात होती?

पैसा कुठून येणार होता, ह्याचा विचार तू केलाच नव्हतास. चांगलं काम आहे, लोक देतील. हे तुझं अर्थशास्त्र. इंदुरात तुकोगंजच्या ऑफिसांमध्ये आपण दोघी बाकांवर बसायचो. चहा मिळायचा. "बहुत बढ़िया, मैडमजी, बेटियों के लिए ऐसा ही होना चाहिए" हे मिळायचं. एकाने विचारलं, साहेबांच्या वाढदिवसाला स्वागताला बँड उभा कराल का, मग बघू. तू अर्धा कप तसाच ठेवून उठलीस. जिन्यात मी म्हटलं, "ताई, वाजवून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?" तू म्हणालीस, "चाल बिघडली असती."

चाल नाही बिघडली, बाकी सगळं बिघडलं. पतपेढीचं कर्ज तू स्वतःच्या नावावर घेतलंस आणि पेन्शन त्यात जायला लागली. शेडवाल्याने भाडं थकलं म्हणून कुलूप घातलं, वाद्यं आत. त्या वर्षी स्पर्धेला जायची तिकिटं रद्द करावी लागली. मुलींना सांगायला आपण ग्राउंडवर गेलो तर त्या इस्त्रीचे युनिफॉर्म घालून बसलेल्या, कुणीतरी फोटोग्राफर येणार म्हणून सांगितलं होतं म्हणे. तू सांगितलंस, मी नाही सांगू शकले. एकही मुलगी रडली नाही. उठल्या, मागची धूळ झटकली आणि घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात निम्म्याच आल्या.

तेव्हा मी तो विषय काढला. शेडच्या बंद दारासमोर उभ्या होतो आपण.

"ताई, एक मॅरेज गार्डनवाला विचारतोय. मुलींचा बँड हवाय त्याला. बारातीसाठी. इंदुरात कुणाकडे नाही असा."

"निलू, काय बोलून राहिलीस तू? दारू पिऊन नाचणाऱ्यांच्या पुढे माझ्या मुली?"

"तुझ्या मुली घरी बसल्यात, ताई. वाद्यं कुलपात गंजतायत."

"गंजू दे."

"वा! गंजू दे? सुभेदार साहेबांचे पाईप आहेत आत. त्यांच्या फोटोसमोर जाऊन सांग, गंजू दे म्हणून."

तू माझ्याकडे असं बघितलंस की मी एक पाऊल मागे सरले. मग शांतपणे म्हणालीस, "बारातीत माणसं बँडकडे बघत नाहीत. वाजवणाऱ्या बाईकडे बघतात. तुला हे कळत नाही असं नाही. तुला चालतंय." मी म्हटलं, "मला नाही चालत. पण बँड मेलेला मला त्याहून नाही चालत." बोलता बोलता आवाज वाढले, राहिलेल्या मुली जमा झाल्या, आणि मग तू ते वाक्य बोललीस. ग्राउंडवर पाय ठेवणार नाही.

पहिल्या बारातीचं तुला कुणी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. ऐक. आम्ही तुझ्या शिकवणीच्या! निघालो ते तेज चाल. नजर समोर. मागे बघायचं नाही. काय वाजवलं गं मुलींनी, एवढ्या दिवसांची भूक होती ती. गार्डनच्या फाटकात पोहोचलो, मी काठी वर केली, बँड एका दमात थांबला. समोर मुलीकडचे लोक आरतीचं ताट घेऊन उभे. एक काका माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "वो तो सब ठीक है, दूल्हा कहाँ है?" तेव्हा मी वळून बघितलं. रस्ता रिकामा! घोडी, नवरदेव, नाचणारे, लाइटवाले, सगळे मागच्या चौकात, बँडशिवाय. बारात म्हणजे चार पावलं चालायची आणि एका जागी नाचायची, हे आम्हाला कुठे माहीत? आम्ही नवरदेवाला टाकून लग्नाला पोहोचलो होतो. मुली टोप्यांत तोंड घालून हसल्या. नवरदेवाचा बाप आला तो तांबडालाल होऊन, "ये क्या परेड है? हमारी शादी है कि छब्बीस जनवरी?" मी माफी मागितली, अर्धे पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलींना कदमताल शिकवली, जागेवरच पाय हलवत वाजवायची. घरी येऊन तुला फोन लावायला हात गेला होता. तुझ्याइतकं त्यावर कोण हसलं असतं? मग आठवलं, बोलणं बंद आहे.

पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं, आणि ते तुला कळलं होतं. दुसऱ्या सीझनला ड्रमवाल्या रेखाच्या अंगावर एकाने हात टाकला. नोटा ओवाळायच्या निमित्ताने. रेखाने ड्रमची काठी सरळ त्याच्या तोंडावर मारली. मग जो तमाशा झाला तो सांगत नाही. लोक उलट आम्हालाच बोलले, शादी-ब्याह में तो चलता है. पोलीस आले, तेही म्हणाले, समझौता कर लो. रेखाच्या बापाने तिला त्याच दिवशी बँडमधून काढलं. ती पुन्हा कधी वाजवायला आली नाही, महिन्याभरात तिचं लग्नच ठरवून टाकलं. सकाळी तुझा फोन. इतक्या दिवसांनी. दोन शब्द बोललीस, "झालं समाधान?" आणि ठेवून दिलास.

ताई, ते दोन शब्द अजून माझ्या छातीत आहेत. मी तुला त्याबद्दल माफ केलेलं नाही, हे आज स्पष्ट सांगते. तू म्हणालीस तेच झालं, मान्य. पण तू घरात बसून बरोबर होतीस आणि मी रस्त्यावर होते. त्या दिवशी मला तुझं बरोबर असणं नको होतं. मला तू हवी होतीस.

बँड बंद करावा असं त्या दिवशी मलाही वाटलं. तो वाचला तो पूजाच्या आईमुळे. पूजा बेटमा गावची, तिची आई रोज तिला बसने घेऊन यायची आणि सरावाच्या वेळी कडेला बसून मेथी निवडायची. ती म्हणाली, "निलूजी, रस्सी लाओ. हम चलेंगे." त्या दिवसापासून बँडच्या चारी बाजूंनी जाड दोरी असते आणि ती दोरी धरून आया चालतात. साड्या खोचून, पायांत बूट. दोरीच्या आत कुणाला प्रवेश नाही. नवरदेवाच्या बापालाही नाही. नोटा ओवाळायच्या नाहीत, ओवाळल्या तर बँड थांबतो. हे बुकिंगच्या आधीच सांगायचं, पटलं तर या. पहिल्यांदा लोक हसले, काय सर्कस आहे म्हणाले. मग मुलींचे बाप स्वतःहून विचारायला लागले, तो दोरीवाला बँड मिळेल का? आयांनाही वाटा ठेवला. कर्ज हळूहळू फिटलं, शेड सुटली, ड्रमना नवी कातडी चढली. राजे-महाराजे कुणी धावून आले नाहीत. दोरी धरणाऱ्या बायकांनी तुझा बँड उभा केला.

स्पर्धेत पुन्हा उतरलो तेव्हा दुसऱ्या बँडच्या मुली कुजबुजल्या, "शादीवाला बैंड." आमच्यापैकी एकीनेही मान वळवली नाही. तिसरा नंबर आला. ढाल घेऊन मी थेट तुझ्याकडे आले, आठवतं? अलकावहिनींनी पोहे केले. तू त्यावर जीरावन मसाला घातलास, शेव घातलीस, मला आवडते तशी जास्त घातलीस. ढालीकडे बघितलं नाहीस. मी मोबाइलवर व्हिडिओ लावून पुढे केला, तू तो पालथा करून टेबलावर ठेवलास. "खा. गार होतील." मी खाल्ले. सगळे खाल्ले. दर वर्षी बोलवायला आले आणि दर वर्षी पोहे खाऊन परत गेले. माझी सासू म्हणायची, एवढा अपमान करून घ्यायला जातेस कशाला? तिला काय सांगणार? घरी बोलवून कुणी एवढी शेव घालतं का, जिच्यावर राग आहे तिला?

तू आजारी पडलीस तेव्हा मी रोज यायला लागले. बँड सोडून सगळं बोललो आपण. सुरेशदादाचा गुडघा, भाज्यांचे भाव, शेजारच्यांचा कुत्रा. एक दिवस तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोपलीस. तशीच म्हणालीस, "पाईप कोण वाजवतं आता?"

"पूजा. बेटम्याची."

"श्वास पुरतो तिला?"

"पुरतो."

"रस्त्यावर धूळ असते. पाईपात जाते."

"रोज पुसून ठेवतो, ताई."

"हं."

एवढंच. मला त्या "हं"वर एक आख्खं आयुष्य काढायचं आहे आता. त्या वेळी मी बोलायला हवं होतं का? की रेखा मला अजून स्वप्नात दिसते, की दोरी धरणाऱ्या बायका चालताना तोंडाने "ढढम ढढम" म्हणतात, कुणी न शिकवता, की आज मी जी काही आहे ती तुझ्या शिट्टीमुळे आहे. नर्स आली, सलाइन बदलली, आणि तू खरंच झोपलीस. मी पदराने तुझं कपाळ पुसलं. तुला ते आवडलं नसतं.

तर त्या संध्याकाळचं बुकिंग होतं. मुक्तिधामाच्या स्मशानाबाहेर नळावर हात धुताना मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, रद्द करू. पूजाची आई म्हणाली, "दुल्हन का क्या कसूर, निलूजी? उसके घर में तो आज शादी है।" मला तिचा राग आला आणि पटलंही. घरी जाऊन आंघोळी केल्या, त्याच युनिफॉर्मवर पुन्हा पट्टे बांधले. वाजवलं. चांगलं वाजवलं, ताई. सुतकात वाजवलं म्हणून कुणी काही म्हणालं नाही, आमचं तुझ्याशी कागदावर नातं कुठे होतं? पूजाचा श्वास मध्ये एकदा तुटला, बाकी कुणाला कळला नाही, मला कळला.

काल तुझं तेरावं झालं. तुला हसू येईल, पण मी काल तुझ्या घरात चोरासारखी फिरून एकच गोष्ट विचारत होते. सुरेशदादाला विचारलं, ताई कधी लपूनछपून ग्राउंडकडे गेली होती का? म्हणाला, "नाही गं." शेजारच्या काकांना विचारलं. रोज दूध आणायला जायचीस त्या डेअरीवाल्यालाही विचारलं. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की तू एकदा तरी येऊन लांबून बघून गेलीस. असं असतं ना लोकांच्या बाबतीत, मागून कळतं? नाही. तू शब्दाची पक्की. एकदाही आली नाहीस.

मग स्वयंपाकघरात अलकावहिनी पानं पुसत होत्या, त्यांना म्हटलं, "वहिनी, ह्या रस्त्यावरून आम्ही किती बाराती नेल्या. पुढे दोन गार्डनं आहेत. दर वेळी बघते तर ताईची खिडकी बंद. एवढा त्रास व्हायचा का तिला बँडचा?"

वहिनी म्हणाल्या, "बँडचा कुठला त्रास? लग्नाच्या दिवसांत रोज दोन-दोन जातात. ताई खिडकीशी बसून पेपर वाचायच्या, ढुंकून बघायच्या नाहीत. तुमचा आला की मात्र उठून लावून घ्यायच्या."

"आम्हीच आहोत हे कसं कळायचं?"

"ते मला काय माहीत? आम्हाला तर सगळे सारखेच वाटतात. पार लांब चौकात असायचा बँड, नुसतं ढमढम यायचं, आणि ह्या म्हणायच्या, आल्या. आणि उठायच्या."

पानं तशीच राहिली, ताई. मी ओट्याशी खाली बसले आणि वहिनींच्या पदरात तोंड घालून रडले. आल्या, म्हणायचीस.